मार्कस कोठें जाणार?

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील एखाद्या लहानशा गांवीं ऐन हिवाळ्यांत कोणी परका मनुष्य गेला, आणि न्हाव्याच्या दुकानांत, पेट्रोलच्या पंपावर किंवा रविवारची प्रार्थना आटोपून बाहेर पडणाऱ्या मंडळींत घटकाभर उभा राहिला, तर त्याच्या कानीं एक चमत्कारिक संभाषण पडण्याचा संभव आहे. फुटबॉलचा हंगाम तर केव्हांच संपलेला असतो. मैदानावरचें गवत सुकून गेलेलें असतें. तरीहि चार पोक्त माणसें मोठ्या गंभीरपणें वाद घालीत असतात. तो या घरीं जाईल कीं त्या घरीं जाईल, त्याच्या आईचें मन कोणीकडे आहे, काल रात्रीं त्याच्या दाराशीं कोणाची मोटार उभी होती, असा तो वाद असतो. ऐकणाऱ्यास प्रथम असें वाटावें कीं, गांवांतील एखाद्या उपवर मुलीच्या सोयरिकीची ही वाटाघाट आहे. चौकशी करतां कळून येतें कीं, ज्याच्याविषयीं हें सर्व बोलणें चाललें आहे तो सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा आहे. तो फुटबॉल खेळतो. आणि येत्या फेब्रुवारींत तो कोणत्या विद्यापीठाच्या कागदावर सही करणार, या एका प्रश्नानें सगळ्या गांवाची झोंप उडविली आहे.

या वादाचें मर्म कळावयास त्या खेळाची थोडीशी ओळख हवी. अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं निराळा खेळ आहे. चेंडू लांबट व दोन्ही टोंकांस निमुळता असतो. तो पायानें क्वचितच मारावयाचा. बहुधा हातांत धरून धांवावयाचें किंवा सोबत्याकडे फेंकावयाचा. दोन्ही पक्षांचे अकरा-अकरा गडी असतात व मैदानाची लांबी १०० वार असते. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान १० वार पुढें सरकलें पाहिजे. सरकला तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं जातो. असें सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडली म्हणजे टचडाऊन होतो, व त्याचे सहा गुण मिळतात.

या अकरा जणांत चेंडू घेऊन धांवणारा जो गडी असतो त्यास रनिंग बॅक असें नांव आहे. त्याच्यापुढें त्याच्याच पक्षाचे धिप्पाड गडी प्रतिपक्षाच्या तितक्याच धिप्पाड गड्यांशीं भिडलेले असतात. त्या माणसांच्या भिंतींत क्षणभर एखादी फट पडते आणि मिटते. तेवढ्या क्षणांत ती हेरून त्यानें तींतून निसटावयाचें, आणि पलीकडे टपून बसलेल्यांस चकवीत, ढकलीत, प्रसंगीं अंगावर घेत पुढें जावयाचें. हुतूतूंत चढाई करून गेलेल्या गड्यास सगळ्यांनीं घेरावें, आणि त्यानें मागें न परततां तसेंच पुढें निघून जावें, अशी कल्पना केली म्हणजे या कामाचा थोडासा अंदाज येईल. एका सामन्यांत वीस-पंचवीस वेळां हा प्रसंग त्याच्यावर येतो, आणि बहुतेक प्रत्येक वेळीं त्याचा शेवट जमिनीवर आदळण्यांत होतो.

शौकीन मंडळींची जीभ याच गड्याविषयीं अधिक कां चालते, याचें कारणहि येथेंच आहे. पुढें भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या गड्यांचें कौशल्य जाणत्यासच कळतें. त्यांचें काम म्हणजे देवळाच्या पायाचा दगड. रनिंग बॅकचा गुण मात्र अगदीं अजाण प्रेक्षकासहि दिसतो. शिवाय इतर जागांवरील खेळास वर्षानुवर्षांचें शिक्षण लागतें. धांवणाऱ्याची नजर, तोल व पायांतील चपळाई हीं मात्र पुष्कळ अंशीं उपजत असतात. म्हणून सतराव्या वर्षीं पाहिलेला मुलगा अठराव्या वर्षीं संघाचें दैव पालटील, अशी आशा याच एका जागेविषयीं सहज बाळगतां येते.

आतां हा मुलगा जाणार तो विद्यापीठांत. विद्यार्थ्यानें प्रवेशासाठीं अर्ज करावा व विद्यापीठानें त्याची परीक्षा पाहावी, अशी आपली समजूत. येथें विद्यापीठच विद्यार्थ्याच्या ओसरीवर येऊन बसतें. याची कथा जुनी आहे. अमेरिकेंतील दोन महाविद्यालयांमधला पहिला सामना रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यांत ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं झाला. पुढें हा खेळ इतका फोफावला आणि इतका रांगडा बनला कीं, १९०५ सालीं मैदानावरील मृत्यूंमुळें सर्व देशांत ओरड झाली, व अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील मंडळींस बोलावून समज द्यावी लागली. त्यानंतर १९०६ सालीं या खेळांवर देखरेख करणारी संस्था निघाली. तीच आजची ‘एन. सी. ए. ए.’ होय. १९२९ सालीं कार्नेगी प्रतिष्ठानानें महाविद्यालयीन खेळांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत खेळाडूंस आमिष दाखवून ओढून नेण्याच्या चालीवर कडक टीका होती. टीका झाली, चाल राहिली. अखेर १९५६ सालीं केवळ खेळांतील गुणांवर पूर्ण शिष्यवृत्ति देण्यास उघड मान्यता मिळाली. १९६४ पासून एक प्रतिज्ञापत्र प्रचारांत आलें. त्यावर मुलानें सही केली कीं इतर विद्यापीठांनीं त्याचा नाद सोडावा, असा त्याचा अर्थ. आणि १९७२ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि मुख्य फुटबॉल संघांत उतरतां येऊं लागलें. म्हणजे फेब्रुवारींत ज्यानें गांवांतल्या टेबलावर सही केली, तोच मुलगा सप्टेंबरांत हजारों प्रेक्षकांसमोर धांवूं लागला. मिशिगन विद्यापीठाचें मैदान तर एक लाखाहून अधिक माणसें बसतील एवढें मोठें आहे.

इतक्या माणसांस हा ध्यास कां लागतो? मिसिसिपी, अलाबामा, ओक्लाहोमा अशा राज्यांत धंदेवाईक फुटबॉलच्या मोठ्या लीगचा एकहि संघ आजतागायत नाहीं. तेथें विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा अभिमान. ज्यांनीं कॉलेजची पायरीहि चढलेली नाहीं असे शेतकरी, कारागीर व मोटारहाके त्या संघास ‘आमचा’ म्हणतात, आणि त्यांत खोटें कांहीं नसतें. शनिवारचा सामना हरला तर सोमवारीं दुकानांत बोलण्यास तोंड राहत नाहीं. मग हंगाम संपल्यावर पुढील सालचें पीक कसें येणार याची काळजी सुरू होते. मुलाची उंची, वजन, ४० वारांची धांव किती सेकंदांत, कमरेचा लवचिकपणा, पडतां पडतां सांवरण्याची हातोटी, यांची चिकित्सा होते. पूर्वी ती पारावर होत असे. नंतर त्यासाठीं पत्रकें व मासिकें निघालीं. आज तर शाळकरी मुलांस एकापासून पांचापर्यंत तारे देण्याचा मोठा व्यवसायच झाला आहे, आणि घरोघरीं हातांतल्या यंत्रावर त्यांच्या धांवण्याचीं चित्रें पाहून लोक मत देत असतात. साधन बदललें तरी बोलणें तेंच आहे. त्यांत एक प्रश्न मात्र क्वचितच ऐकूं येतो: हा मुलगा तेथें जाऊन शिकणार काय?

या सर्व गोष्टींचा कस जेथें लागला, तें गांव म्हणजे मिसिसिपी राज्यांतील फिलाडेल्फिया. पेन्सिल्व्हेनियांतील प्रसिद्ध महानगर तें हें नव्हे. नेशोबा परगण्यांतील सहा-सात हजार वस्तीचें हें एक लहानसें गांव आहे. त्याचें नांव जगास प्रथम ठाऊक झालें तें फुटबॉलमुळें नव्हे. २१ जून १९६४ रोजीं, कृष्णवर्णीयांस मताधिकार बजावतां यावा म्हणून खटपट करणारे जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुणांस या गांवाच्या पोलिसांनीं अडकविलें, आणि रात्रीं सोडून दिल्यावर वाटेंत त्यांची हत्या झाली. त्यांचीं प्रेतें ४ ऑगस्ट रोजीं मातीच्या एका बांधाखालीं सांपडलीं. १९६७ सालच्या खटल्यांत सात जणांस शिक्षा झाली, व त्यांत परगण्याचा उपशेरीफहि होता. गांवावर जो डाग पडला तो पडलाच.

या हत्येच्या महिनाभर आधीं, २२ मे १९६४ रोजीं, याच गांवांतील एका कृष्णवर्णीय कुटुंबांत एक मुलगा जन्मास आला. त्याचें नांव मार्कस डुप्री. तो सहा वर्षांचा झाला त्या सुमारास, म्हणजे १९७० सालीं, न्यायालयाच्या हुकुमानें तेथील शाळांत गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांस एकत्र बसविण्यांत आलें. गांवांतील वडीलधाऱ्यांनीं ज्यांस एकमेकांच्या शेजारीं बसूं दिलें नव्हतें, त्यांचीं मुलें आतां एका फळ्याकडे पाहून अक्षरें गिरवूं लागलीं, आणि पुढें एकाच संघांत खेळूं लागलीं.

मार्कस वाढून सव्वासहा फूट उंच झाला. त्याचें वजन २०० पौंडांहून कितीतरी अधिक होतें, आणि तरीहि तो संघांतील सर्वांहून वेगानें धांवे. भिंत फोडण्यास लागणारा जोर आणि निसटण्यास लागणारी चपळाई, हीं दोन्ही एका देहांत क्वचितच नांदतात. येथें तीं नांदत होतीं. शाळेच्या चार वर्षांत त्यानें ८७ टचडाऊन केले. त्यापूर्वीचा उच्चांक ८६ होता, आणि तो जॉर्जिया राज्यांतील राइट्सव्हिल या छोट्या गांवच्या हर्शेल वॉकर याचा होता.

वॉकरच्या नांवाचें महत्त्व येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. तो १९८० सालीं जॉर्जिया विद्यापीठांत गेला, आणि त्याच्या पहिल्याच वर्षीं तो संघ एकहि सामना न हरतां राष्ट्रीय विजेता ठरला. तेव्हांपासून देशभर शौकिनांची अशी खात्री झाली कीं, योग्य मुलगा मिळाला म्हणजे एका वर्षांत भाग्य उजळतें. आणि आतां तर त्या वॉकरचाच उच्चांक मोडणारा मुलगा मिसिसिपींत निघाला होता! शंभरावर महाविद्यालयांनीं त्याच्यासाठीं प्रयत्न सुरू केले. १९८१ च्या हिवाळ्यांत फिलाडेल्फियांत विद्यापीठांच्या माणसांची रीघ लागली. ओक्लाहोमाचा एक साहाय्यक प्रशिक्षक तर गांवांतील पथिकगृहांत आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून राहिला. मिसिसिपींतील मूळ रहिवासी व ‘हार्पर्स’ मासिकाचे माजी संपादक विली मॉरिस हे त्या दिवसांत या गांवीं येत-जात होते. त्यांनीं या प्रकरणावर १९८३ सालीं एक मोठें पुस्तक प्रसिद्ध केलें, व त्याच्या नांवांतच मार्कसच्या मनधरणीस प्रणयाराधनाचा शब्द योजला. वधूवरांच्या सोयरिकीची जी उपमा आरंभीं दिली ती त्या देशांतल्या लेखकासहि सुचली होती, हें यावरून दिसून येईल.

या बोलण्यांत कांहींच चांगलें नव्हतें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्या गांवांत १९६४ सालीं दोन रंगांचीं माणसें एका बाकावर बसत नव्हतीं, त्या गांवांत शुक्रवारच्या रात्रीं सगळे एका मुलासाठीं उभे राहून टाळ्या वाजवूं लागले. गोऱ्या दुकानदारास आपल्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाशीं बोलावयास प्रथमच असा एक विषय मिळाला कीं, ज्यांत दोघांचें मत सारख्याच किंमतीचें होतें. खेळानें अन्याय धुऊन निघत नाहीं. त्या हत्येच्या मुख्य सूत्रधारांपैकीं एकास शिक्षा होण्यास २००५ साल उजाडावें लागलें, हें विसरतां येत नाहीं. परंतु माणसें प्रथम एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर एकत्र बोलूं लागतात, आणि मग महत्त्वाच्या गोष्टीवर बोलण्याची वाट थोडी मोकळी होते. मार्कसच्या धांवण्यानें तेवढें काम खचित केलें.

पण त्याच बोलण्याची दुसरी बाजू मुलास सोसावी लागली. मोठीं माणसें जेव्हां कौतुक करितात तेव्हां त्या कौतुकाचा जणूं एक दस्तऐवज होतो. आम्हीं तुला मोठें म्हटलें, आतां तूं मोठा होऊन दाखव, असें तें कर्ज असतें; आणि कर्ज काढणारा एक व फेडणारा दुसरा, असा त्यांतला व्यवहार. मार्कस कोणाकडे जाणार, यावर त्याच्या नकळत पैजा लागल्या असतील. त्याच्या घराच्या खिडकींत दिवा किती वेळ होता याचीहि चर्चा झाली असेल. त्याला मात्र दुसऱ्या दिवशीं उठून शाळेंतच जावयाचें होतें.

फेब्रुवारी १९८२ मध्यें त्यानें ओक्लाहोमा विद्यापीठाच्या कागदावर सही केली. तें विद्यापीठ नॉर्मन या गांवीं, घरापासून शेंकडों मैल दूर. तेथील प्रशिक्षक बॅरी स्विट्झर हे नामांकित गृहस्थ. पहिल्याच हंगामांत मार्कसनें ९०५ वार धांव काढिली. १ जानेवारी १९८३ रोजीं ॲरिझोना राज्यांत फिएस्टा बोल या नांवाचा सामना झाला. त्यांत मार्कसनें अवघ्या १७ वेळां चेंडू घेऊन २३९ वार मजल मारिली. तो दुखापतीमुळें व दम कमी पडल्यामुळें बराच वेळ बाहेर बसून होता, तरीहि त्या सामन्याचा तो उच्चांक ठरला. ओक्लाहोमा ३२-२१ असा हरला. सामन्यानंतर लोकांनीं काय बोलावें? त्याचें वजन वाढलेलें आहे. तो अंग मोडून मेहनत करीत नाहीं. नाहींतर चारशें वार झाले असते. हें मत खुद्द प्रशिक्षकांनींहि उघडपणें मांडिलें. २३९ वार झाले ते कोणाच्या हिशेबीं राहिले नाहींत. न झालेल्या वारांचा हिशेब मात्र देशभर झाला.

त्या वेळीं तो अठरा वर्षांचा होता. १९८३ च्या जूनमध्यें एका मोठ्या क्रीडा-साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो व त्याचे प्रशिक्षक यांच्यांतील कलह छापून आला. ऑक्टोबरांत टेक्सस विद्यापीठाशीं झालेला सामना हरल्यावर मार्कस घरीं फिलाडेल्फियास गेला तो परतलाच नाहीं. मग त्यानें आपल्या राज्यांतील सदर्न मिसिसिपी विद्यापीठांत नांव घातलें. परंतु त्या काळच्या नियमानें विद्यापीठ बदलणाऱ्यास खेळण्यापूर्वीं बराच काळ बसून काढावा लागे. त्या विद्यापीठाकडून एकहि सामना न खेळतां १९८४ सालीं तो न्यू ऑर्लीन्सच्या धंदेवाईक संघांत गेला. १९८५ सालीं त्याचा गुडघा जबर दुखावला, आणि वीस वर्षांच्या मुलाचा खेळ संपला असें सर्वांनीं ठरविलें. त्यानें मात्र तें मानिलें नाहीं. पांच वर्षांनंतर, १९९० सालीं, तो लॉस एंजेलिस रॅम्स या मोठ्या लीगच्या संघांत पुन्हां उतरला व दोन हंगाम खेळला. पुढें तो मिसिसिपीस परत आला, आणि इतर चार माणसांप्रमाणें मिळेल तें काम करूं लागला. कांहीं काळ त्यानें ट्रकहि चालविला.

२०१० सालीं त्याच्यावर एक चित्रपट निघाला. त्याचें नांव ‘द बेस्ट दॅट नेव्हर वॉज’. जो सर्वश्रेष्ठ व्हावयाचा तो झालाच नाहीं, असा त्याचा अर्थ. त्यांत स्विट्झर यांनीं, आपण त्या मुलाशीं फार कठोरपणानें वागलों, हें मोकळ्या मनानें कबूल केलें आहे. प्रशिक्षकांनीं चूक मान्य केली ही मोठेपणाची गोष्ट. परंतु ज्या हजारों शौकिनांनीं १९८२ सालीं त्याला सर्वश्रेष्ठ ठरविलें आणि १९८३ सालीं त्याला आळशी ठरविलें, त्यांच्याकडून कबुली कोण घेणार? ते तोंपर्यंत पुढच्या मुलाविषयीं बोलूं लागलेले असतात. न झालेल्या सर्वश्रेष्ठत्वाची हळहळ लोकांनीं वाटून घेतली खरी. पण तें सर्वश्रेष्ठत्व मुळांत ठरविलें कोणीं, हें कोणीं विचारिलें नाहीं.

त्यानंतर पुष्कळ नियम पालटले. ज्या वर्षीं मार्कस विद्यापीठ सोडून गेला त्याच्या पुढल्याच वर्षीं, म्हणजे १९८४ सालीं, त्याच ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दूरचित्रवाणीवरील सामन्यांचे हक्क एका संस्थेच्या मुठींतून मोकळे केले, आणि विद्यापीठांकडे अलोट पैसा वाहूं लागला. खेळाडूंस चोरून पैसे दिल्याबद्दल १९८७ सालीं डलास येथील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचा तर सबंध हंगाम रद्द करण्यांत आला. विद्यापीठानें कोट्यवधि मिळवावे आणि मुलानें मोटारीची किल्ली घेतली तर तो गुन्हा ठरावा, हा विसंवाद फार वर्षें चालला. २०२१ पासून खेळाडूस आपल्या नांवाचा व छबीचा मोबदला घेतां येऊं लागला, आणि त्याच वर्षापासून फुटबॉलपटूस एकदां विद्यापीठ बदललें तरी सक्तीनें बसून राहावें लागेनासें झालें. १९६४ चें तें प्रतिज्ञापत्र २०२४ सालीं रद्द झालें. २०२५ सालच्या एका तडजोडीनें विद्यापीठांस खेळाडूंस सरळ पैसे देण्याचीहि मोकळीक मिळाली. मार्कसला १९८३ सालीं हे नियम लाभते तर तो कदाचित् दुसऱ्याच हंगामांत घराजवळच्या संघाकडून धांवला असता.

हे बदल न्यायाचेच आहेत. ज्याच्या श्रमावर उत्सव चालतो त्याला वांटा मिळालाच पाहिजे. तथापि पैशानें जिभेस लगाम बसत नाहीं. उलट ती अधिक सैल होण्याचें भय आहे. पूर्वी शौकीन म्हणे, आम्हीं तुला मान दिला; आतां तो म्हणेल, आम्हीं तुला पैसे दिले. मानाची परतफेड मागणारा निदान थोडा लाजत असे. पैशाची परतफेड मागणारा लाजत नाहीं. आणि मुलगा तर तेव्हांहि सतरा वर्षांचा होता, आजहि सतरा वर्षांचाच आहे.

शौकीनांनीं बोलूंच नये, असा उपदेश करणें व्यर्थ होय. खेळावरील गप्पा हा गरीब-श्रीमंत सर्वांस परवडणारा आनंद आहे, आणि फिलाडेल्फियासारख्या गांवीं त्यानें माणसांस जवळ आणलें, हेंहि वर सांगितलेंच आहे. फरक इतकाच करावयास हवा कीं, झालेल्या खेळाचें कौतुक पोटभर करावें व न झालेल्या खेळाची उधारी मुलाच्या नांवावर मांडूं नये. आणि एखादा शाळकरी मुलगा कोठें जाणार या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी. तेथें त्याला कोण ओळखीचें आहे? आणि पाय थकले म्हणजे तो काय करणार? हे प्रश्न घरांतील वडील माणूस विचारतो. ज्यांनीं एखाद्याच्या मुलास ‘आमचा’ म्हटलें, त्यांच्यावर तेवढें वडीलपण येतेंच.

मार्कस डुप्री याच्या शाळेंतील त्या ८७ टचडाऊनांपैकीं एकहि कोणी काढून घेऊं शकत नाहीं. फिएस्टा बोलमधील ते २३९ वारहि खरे आहेत. १९८१ च्या त्या शुक्रवारच्या रात्रीं ज्यांनीं त्याला धांवतांना पाहिलें, त्यांस जें पाहावयास मिळालें तें पुरेसें होतें. तेवढ्यावर ते तृप्त राहते, तर त्यांची स्मृति आज अधिक गोड असती, आणि एका मुलाचें ओझें पुष्कळ हलकें झालें असतें.